वेण्णाचे डूल

मंगलला आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक हळू बोलणं आणि दुसरी ण म्हणणं. पहिलीला कारण होतं. म्हसवडजवळच्या गावात तिनं वर्षानुवर्षं पिठाची गिरणी चालवली, आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय एकदा लागली की ती काही केल्या सुटत नाही. दुसरीला कारण नव्हतं. तिच्या आईला ण येत नव्हता, आजीला येत नव्हता, निम्म्या गावाला येत नव्हता आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. पाणी काय नि पानी काय, आपल्याला तहान भागल्याशी कारण!

अडलं ते पुण्याला येताना. लेकीचं बाळ सांभाळायला म्हणून मंगल पहिल्यांदाच त्या नव्या विनाचालक एसटीत बसली. तिकिटाच्या यंत्रानं गोड आवाजात विचारलं, "आपल्याला कुठे जायचे आहे?"

"बानेर."

"क्षमा करा. कृपया पुन्हा सांगा."

मंगल चमकली. आवाज तिच्या पोटच्या पोरीचा होता, प्रणिताचा. सरकारी एसटी, विजेची तक्रार, दवाखान्यातली रांग, सगळीकडे आता तोच आवाज बोलायचा. मंगलनं तीनदा बानेर म्हटलं, तीनदा लेकीनं क्षमा मागितली. शेवटी मंगल गिरणीवरच्या आवाजात ओरडली, "आगं परने, तुजी आय हाय की मी! मला वळखंना झालीस व्हय?"

सगळी एसटी हसली. शेजारच्या एका मुलीनं वाकून 'बाणेर' म्हटलं आणि तिकीट आलं. ही गोष्ट मंगल जो भेटेल त्याला हसत हसत सांगायची. प्रणिताला मात्र ती ऐकताना कधी हसू आलं नाही.

रविवारची सकाळ होती. वेण्णा गोधडीवर बसून लाकडी चमच्याशी झटापट करत होती. वेण्णा म्हणजे प्रणिताची नऊ महिन्यांची मुलगी. नाव वडिलांच्या साताऱ्याकडच्या नदीचं. मंगल तिच्या मागं मेथी निवडत बसली होती आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. "येनू, ए येनू. माजी बाय ती. हिकडं बघ की गं. बघत न्हाई? आजीवर रुसलीस व्हय?"

वेण्णानं मान वळवली नाही. मंगलनं मेथी खाली ठेवली. पुढं सरकून अगदी कानाशी हाक मारली. पोरगी चमचा चाटत राहिली. मग मंगलनं हातातली वाटी फरशीवर सोडली. ठण्णकन आवाज झाला आणि वेण्णा दचकून गर्रकन वळली.

"परने," मंगल हळू म्हणाली. मंगल हळू बोलली यातच प्रणिताच्या काळजात चर्र झालं. "पोरीला ऐकाय येतंय. नुसती मीच ऐकाय येत न्हाई."

"काहीतरीच काय आई! खेळण्यात गुंतलीय ती." प्रणितानं लांबूनच आपल्या स्वच्छ आवाजात हाक मारली. "वेण्णा!"

वेण्णानं लगेच मान वळवली.

एक क्षण, खोटं कशाला बोला, प्रणिताला बरं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी भीती वाटली. कारण दुसरी एक गोष्ट तिला कधीपासून टोचत होती आणि ती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. सातव्या महिन्यात वेण्णा दिवसभर बाबाबा, अगू, दादादा असं काहीबाही बडबडायची. गेल्या काही आठवड्यांत ती बडबड विरत विरत पार थांबली होती. पोर रडायची, हसायची, पण बोलू पाहत नव्हती. प्रणिता जवळ आली आणि तिचा हात नकळत वेण्णाच्या कानाकडं गेला. कानाच्या पाळीत सोन्याचे दोन चिमुकले डूल चमकत होते.

ते डूल म्हणजे नुसता दागिना नव्हता.

त्यांतून केसाएवढी बारीक तार कानाच्या आत जायची आणि तिच्या टोकाला सब्जाच्या फुगलेल्या बीएवढं मऊ बोंड होतं. बाहेरचा आवाज त्या बोंडात शिरला की आतलं यंत्र पापणी लवायच्या आत दोन कामं करायचं. मूळ आवाजाच्या लाटेला बरोबर उलटी लाट सोडून तो पुसून टाकायचं, आणि त्याच माणसाच्या आवाजात तेच वाक्य शुद्ध करून बाळाला ऐकवायचं. समोरचा पानी म्हणो, बाळाला पाणीच ऐकू यायचं.

त्यामागचं शास्त्र काही नवं नव्हतं. जन्मलेलं मूल, मग ते बाणेरचं असो नाहीतर जपानचं, जगातल्या बहुतेक सगळ्या भाषांचे वर्ण वेगळे ओळखू शकतं. आईबापांच्या कानांना जे फरक कळतही नाहीत ते त्याला कळतात. पण सहाव्या महिन्यापासून मेंदू चाळण विणायला घेतो. आजूबाजूला जे वर्ण सतत कानावर पडतात तेवढ्यांसाठी तो भोकं ठेवतो, बाकीची बुजवत नेतो. वर्षाच्या आसपास ही चाळण बरीचशी विणून होते. नंतर शिकता येतं, पण त्याला मेहनत पडते. डूल बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं एवढंच होतं, की चाळण विणली जाते त्या महिन्यांत कानावर निवडलेलंच धान्य पडू द्या. जन्मभर लेकराला कुणी हसणार नाही.

मेहनत म्हणजे काय, ते प्रणिताला कुणी सांगायला नको होतं. कॉलेजच्या वक्तृत्वस्पर्धेत तिनं पहिल्याच वाक्यात 'आनि' म्हटलं होतं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ते तसंच परत म्हटलं होतं. बस्स! त्या सुट्टीत ती गिरणीतलं पीठ जिभेच्या टोकाला लावायची, ण म्हणायची आणि आरशात तोंड उघडून टाळूला पीठ कुठं चिकटलंय ते बघायची. ण वर्षात वठणीवर आला. हेल मात्र जाता जाईना. माणदेशात वाक्याचं शेपूट वर उचलायचं आणि मग आपटायचं, ही तिथली तऱ्हा. ती मोडायला तिला पुढची तीन वर्षं लागली. मग असा आवाज तयार झाला की सरकारनं तो एसटीत बसवला आणि डूलवाल्या कंपनीनं तोच मराठीचा आदर्श आवाज म्हणून निवडला. डूल भेट म्हणूनच घरी आले. बारशानंतर सोनाराला बोलावून रीतसर कान टोचले. मंगलनंच बाळाला मांडीवर घट्ट धरलं होतं. सोनारानं कान टोचले की दुखत नाही म्हणतात, पण ती वेण्णाबरोबर स्वतःही रडली होती.

कानांच्या डॉक्टर यास्मिन मुजावर म्हणजे एक घाव दोन तुकडे असा मामला. त्यांनी सगळ्यात आधी डूल उतरवले, वेण्णाचे कान तपासले, पडद्यावरच्या रेषा पाहिल्या आणि मान हलवली.

"कान ठणठणीत आहेत. दिवसभर बाळाजवळ कोण असतं?"

"माझी आई. मिस्टर पुलाच्या कामावर नागपूरला असतात. मी संध्याकाळी येते आणि तासभर तिला चित्रं दाखवून शब्द म्हणून दाखवते. अगदी स्पष्ट."

"तिच्याशी बोलता की तिला ऐकवता?"

डॉक्टरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. टेबलावर रबराचा एक कान होता, आत ध्वनिग्राहक बसवलेला. श्रवणयंत्रं तपासायचा खोटा कान. त्यांनी एक डूल त्यात बसवला आणि हेडफोन प्रणिताच्या डोक्यावर चढवला. "आता वेण्णाला जे ऐकू येतं ते तुम्हाला ऐकू येईल. मावशी, या कानाशी बोला. बाळाशी बोलता तसं."

मंगल आधी लाजली, मग सुरू झाली.

प्रणिताला पंख्याचा आवाज आला. खिडकीबाहेर कावळा ओरडला, तो आला. बाहेर कुणाची तरी चप्पल वाजली. समोर तिची आई हात हलवत, भुवया उडवत, मान वेळावत भरभरून बोलत होती, आणि तिच्या तोंडातून काहीच बाहेर पडत नव्हतं. काचेपलीकडच्या माणसासारखी ती नुसती ओठ हलवत होती.

"डॉक्टर, हे बिघडलंय," प्रणिता म्हणाली. हे वाक्य मात्र हेडफोनमध्ये लख्ख ऐकू आलं, सुरेख, घासूनपुसून.

"बिघडलेलं नाही. आधी ते मावशींचं बोलणं सुधारत होतं. पण जिथं वाक्यावाक्याला दुरुस्ती लागते तिथं बाळ गोंधळेल, असं त्यानं ठरवलं. मग असा आवाज ते भांड्याकुंड्यांच्या खडखडाटाच्याही खालच्या पंगतीला बसवतं आणि सरळ पुसतं. चुकीचं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं. या महिन्यात माझ्याकडं आलेलं हे काही पहिलं मूल नाही."

प्रणिता आईकडं वळली. "आये," तिच्या तोंडून निघालं, "आगं माज्या ध्येनातच न्हाई आलं गं. दिसभर बोलत हुतीस की तू..." आणि ती तिथंच थबकली. हेडफोन गप्प होता. पंखा ऐकू येत होता, कावळा ऐकू येत होता. तिचा स्वतःचा आवाज नव्हता.

तिला आठवलं, वेण्णाला झोपवताना, न्हाऊ घालताना, तापात उशाशी बसताना तिच्या तोंडून काय निघायचं ते. चित्रं दाखवताना ती पुण्याची असायची. जीव भरून आला की ती माणातली व्हायची. म्हणजे आईचा जेवढा आवाज मायेचा होता, तेवढा पोरीनं कधी ऐकलाच नव्हता.

डॉक्टरांनी हेडफोन काढून घेतला आणि मंगलला सगळं सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. मंगलनं रबराच्या कानाला बोट लावून पाहिलं.

"म्हंजी येवढं दिस म्या भिंतीशी बोलत हुते?"



"मावशी, म्हणूनच तिची बडबड थांबली," डॉक्टर म्हणाल्या. "बाळ बा म्हणतं. आपण म्हणतो, बा? काय गं बा? कुठं गेला बा? त्यावर ते पुढचा आवाज काढतं. आपलं हे लाडानं बोबडं बोलणं म्हणजे लोकांना वेडेपणा वाटतो. पण बोलणं त्यातूनच येतं. ध्वनिफिती ऐकवून मूल शिकत नाही. त्याला उत्तर लागतं. हिनं चेंडू टाकला आणि परत आलाच नाही. किती दिवस टाकेल?"

"मग आता?" प्रणितानं विचारलं.

"डूल बंद. पण धीर धरा. बोंडातून गाळून न आलेले हे मोकळे आवाज तिला परके आहेत. आणि फार वेळही नाही आपल्याकडं, वर्षाची होईपर्यंत चक्र फिरायला लागलं पाहिजे. एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. पोटात असताना शब्द नीट पोचत नाहीत, पण हेल पोचतो, आईच्या बोलण्याची चाल पोचते. ती डूल घालायच्या आधीची शिदोरी. शेवटचे महिने कुठं होतात?"

"माहेरी. बाळंतपणाला."

"आन् सारखी भांडत हुती माज्याशी," मंगल कोरडेपणानं म्हणाली. "पंखा लाव म्हनून भांडन, ताक आंबट म्हनून भांडन."

घरी आल्यावर डूल डबीत बंद केले आणि घर सुनं झालं.

वेण्णा पाण्याच्या नळालाही बिचकायची, शेजारच्याच्या हसण्याला रडायची. प्रणितानं रजा टाकली आणि दिवसभर चित्रं घेऊन बसली. चेंडू. घर. पाणी. पोरगी बघायची, आणि मग नजर काढून घ्यायची. पण त्याहून वाईट दुसरं होतं. मंगल बोलेनाशी झाली होती. दिवसभर गिरणीसारखी चालणारी बाई आता बाळाजवळून जाताना पदर तोंडाला लावायची. एकदा प्रणिता पाणी प्यायला उठली तर स्वयंपाकघरात मंगल ओट्याशी पाठमोरी उभी राहून स्वतःशी पुटपुटत होती. "पा...नी. पा...णनी. पाड्णी." प्रणिता तशीच मागं फिरली. ती पाणी न पिताच झोपली.

एक गोष्ट अजून तिच्या पोटात होती. डूल घेताना कंपनीनं घरातल्या माणसांच्या आवाजांचे नमुने मागितले होते, आणि कुणाचा आवाज सुधारायचा तेही विचारलं होतं. "आई, बाळासाठी काहीतरी बोल की," म्हणून प्रणितानंच फोन पुढं धरला होता. मंगलनं हौसेनं एसटीची गोष्ट सांगितली होती. त्याच गोष्टीवर प्रणितानं 'सुधारणा हवी' असा शिक्का मारला होता. नुसता ण सुधारेल, एवढंच तिच्या मनात होतं. पण मारला होता तो तिनंच.

हे तिनं एका संध्याकाळी आईला सांगून टाकलं. मंगल ताटात पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"बरं," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

चौथ्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. ईशान नावाचा तरुण होता, बोलण्यात साखर घोळलेली. चूक त्यांना मान्य होती. नवी सुधारणा तयार होती. "मॅडम, आता कुणाचाही आवाज पुसला जाणार नाही. घरातलं कुणीही बोललं, तरी बाळाला तुमच्या आवाजात ऐकू येईल. आजी बोलल्या तरी तुमच्याच आवाजात. बाळाला तो आवाज ओळखीचा आहे, उत्तरं लगेच मिळतील. आमच्याकडं अशी बाळं आठ दिवसांत पुन्हा बडबडू लागलीत. तुमच्या नावाचे डूल आज पाठवतो. मात्र उशीर करू नका. वय हातातून चाललंय, हे तुम्हीही जाणता."

प्रणितानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी हातचं राखलं नाही. "बडबड येईल, ते खोटं बोलत नाहीयेत. डूल न घालता येईल का, याची मी लेखी हमी देऊ शकत नाही. पण तिला जगात एकच माणूस ऐकू येईल, बाकी सगळी त्याची सोंगं. निर्णय तुमचा."

नवऱ्याचा, निहारचा, नागपूरहून फोन आला. तो तसा मोजकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी तो एका दमात बोलला. "घाल ते डूल, प्रणिता. पोरगी मुकी राहिली तर आपण स्वतःला माफ करू का? आईंना काय, आपण समजावू."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवे डूल दारात आले. प्रणितानं ते तळहातावर घेतले. जुन्यांपेक्षाही नाजूक होते. गोधडीवर वेण्णा लाकडी चमचा घेऊन बसली होती, ओठ मिटलेले, डोळे मोठे. प्रणिता तिच्यासमोर बसली. तिनं एका कानाची पाळी बोटांत धरली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. समोर भिंतीला टेकून मंगल बसली होती.

"घाल," मंगल म्हणाली.

"आई..."

"घाल गं. माजा आवाज काय सोन्याचा लागून गेलाय? तुज्या आवाजात का हुईना, पोरगी बोलली म्हंजी झालं. म्या काय, आज हाय उद्या न्हाई. तसं बी माजं कोन ऐकतंय?"

हे शेवटचं वाक्य मंगलनं अगदी साधेपणानं म्हटलं. त्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. आणि नेमकं त्यामुळंच प्रणिताच्या डोक्यात तिडीक गेली.

"असंच कर! जन्मभर असंच केलंस! बाबा म्हणाले गप, बसलीस गप. आजी म्हणाली गप, बसलीस गप. आता यंत्र म्हणतंय गप, तरी गपच! तुला काही वाटतं का नाही गं?"

"मला काय वाटायचंय?"

"वाटाय पायजे!" प्रणिताचा आवाज फाटला, आणि त्या फटीतून सगळं माण बाहेर आलं. "तुजा आवाज म्या इकला, आन् तू नुसतं 'बरं' म्हनलीस! आगं दोन थोबाडीत हानायच्या हुत्यास की मला! का न्हाई हानल्यास?"

"आता हानू? हानू का आता?" मंगल ताडकन उठली. किती दिवसांनी तिचा आवाज गिरणीवरच्या पट्टीत गेला. "मोठी आलीया मला शिकवनारी! लग्नात तूच म्हनलीस न्हवं, आये, सासरच्याम्होरं कमी बोल? म्या दोन दिस मूग गिळून बसले! येक शबुद न्हाई काढला! विहीनबाई इच्यारत्यात, तुमच्या आईंना बोलता येत न्हाई का? आन् तू खाली मान घालून हसलीस! बघितलं म्या!"

"व्हय, हसले! लाज वाटत हुती मला तुजी!"

"म्हाईत हाय मला! एसटीत बसले तवाच कळलं, माजी पोर मला वळखत न्हाई!"

"त्ये यंत्र हुतं आये!"

"आन् त्या यंतराला शिकवलं कुनी? माज्या पिठानं जीब घासली, आन् माजंच नाव टाकलं!"

"टाकलं! आन् आता त्येच तोंडात येतंय, रडताना त्येच येतंय, काय करू? सांग की, काय करू म्या?"

"बाबाबा बा! आबा, दा!"

दोघी एकदम गप्प झाल्या.

वेण्णानं चमचा उगारला होता. डोळे आजीवरून आईवर, आईवरून आजीवर फिरत होते. आणि ती बोलली होती तेसुद्धा कसं? आवाज वर उचलला होता आणि शेवटी दाणकन आपटला होता. प्रणितानं जो हेल मोडायला तीन वर्षं घातली होती, तो जसाच्या तसा त्या चार आवाजांत होता. पोटात असताना ऐकलेली सगळी भांडणं, पंख्याची, ताकाची, आंबटाची, खारटाची, त्या पोरीनं जपून ठेवली होती.

वेण्णा वाट बघत राहिली. क्षण गेला, दुसरा गेला. तिचा उगारलेला हात हळूहळू खाली आला. डोळे चमच्याकडं वळले आणि ओठ पुन्हा मिटायला लागले.

प्रणिताला डॉक्टरांचा चेंडू आठवला. तिनं तोंड उघडलं, पण बाहेर नुसतं रडू आलं. तिनं आईकडं बघितलं. मंगलच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिनं पदर कंबरेला खोचला होता.

"थांबलीस का?" मंगल गरजली. "काल आमटीत मीठ न्हवतं!"

"का... काय?"

"मीठ न्हवतं म्हंते आमटीत! तुला सैपाक कवा येनार?"

"हुतं!" प्रणिता रडत ओरडली. "मूठभर हुतं! तुज्याच जिभेला चव न्हाई!"

"बाबा बा!" वेण्णानं चमचा फरशीवर हाणला.

"बघ, तिला इच्यार! तिला बी म्हाईत हाय!"

"तिला काय कळतंय? व्हय गं येने, काय कळतंय तुला? बा? काय बा?"

"आबाबा, दा!"

प्रणितानं मूठ आवळून धरली होती. त्यात डूल रुतत होते, पण ती उघडायला तिला सवडच नव्हती. मिठावरचं भांडण संपत आलं होतं आणि पुढचं काही सुचत नव्हतं. वेण्णा दोघींकडं बघत होती, तोंड अर्धवट उघडं ठेवून, आपली पाळी यायची वाट बघत.

"भांड की गं परने," मंगल डोळे पुसत म्हणाली. "कशावरनं बी भांड, पर थांबू नगंस."